चौदा कोंबड्यांचा आलेख

"मॅडम, चौदाच्या चौदा!" तनुजा भिंतीवरून ओरडली आणि मी घड्याळ थांबवलं.

तीन सेकंद. प्लायवूडची मोरघार तारेवरून घरंगळत गेली, कडुनिंबाच्या खोडावर आपटली आणि तिचा डावा पंख पुन्हा निखळला. शाळेशेजारच्या अंगणात आता एकही कोंबडी दिसत नव्हती. काही खुराड्यात होत्या, काही बैलगाडीखाली, एक पाण्याच्या पिंपामागं. कोंबडा तेवढा खुराड्याच्या दारात अडकल्यासारखा उभा होता आणि मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळ तपासत होता. त्याला मुलं फौजदार म्हणत.

"फौजदार धरायचा का नाही?" तनुजानं विचारलं.

"डोकं आत आहे का?"

"डोकं बाहेर, शेपूट आत."

"मग तो लपलेला नाही. तेरा लिही."

तिनं चौदा खोडलं आणि तेरा लिहिलं. खोडलेला आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, हे मी तिला आदल्या दिवशीच शिकवलं होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून एका संस्थेत हंगामी कामाला लागले होते. हिवरदऱ्याच्या वरच्या तांबड्या कड्यावर मोरघारीचं घरटं होतं. मोरघार म्हणजे मध्यम आकाराचा गरुड. ससे, तितर, घोरपडी आणि जमलं तर कोंबड्या खातो. आदल्या वर्षी त्या जोडीतला नर कड्याखाली मेलेला सापडला आणि शेजारी विष भरलेली अर्धी कोंबडी. मादीनं यंदा दुसरा जोडीदार मिळवला होता. माझं काम असं, की खालच्या शाळेतल्या बावीस मुलांना शिकारी पक्षी ओळखायला शिकवायचं, म्हणजे ती घरी जाऊन सांगतील आणि यंदा कुणी विष ठेवणार नाही. मार्चमध्ये पिल्लू उडालं तर पुढच्या वर्षीही काम मिळेल, असं समन्वयकांनी तोंडी सांगितलं होतं.

पक्षी आभाळात तीन-चार सेकंद दिसतो, तेवढ्यात तो आकारावरून ओळखता आला पाहिजे. म्हणून मी प्लायवूडचे चार पक्षी कापून काळे रंगवले. घार, शिक्रा, गिधाड आणि मोरघार. कप्पीला अडकवून ते तारेवरून सोडायचे, मुलांनी मैदानावर उताणं पडून नाव सांगायचं. तार ध्वजस्तंभाला बांधू देणार नाही, असं मुख्याध्यापक वाकचौरे सरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून ती पाण्याच्या टाकीपासून कडुनिंबापर्यंत बांधली. कडुनिंब भामाबाईंच्या अंगणात होता. तार त्यांच्या कोंबड्यांवरून गेली.

कोंबड्या पळतात हे पहिल्यांदा तनुजानं पाहिलं. ती सहावीत होती, भामाबाईंची भाची, आणि कोंबड्या घरच्याच असल्यामुळं आभाळाऐवजी तिचं लक्ष तिकडं गेलं. मोरघार सुटली की फौजदार गळ्यातून एक बारीक, लांबट शिट्टी काढायचा आणि सगळ्या दडायच्या. कुत्रं आलं तर तो वेगळा ओरडायचा, कचकच करत. मला फार आनंद झाला. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी फॉर्मॅलिनमधल्या माशांचे कल्ले मोजले होते. आता समोर चौदा जिवंत प्राणी होते आणि ते काहीतरी करत होते. मी गिधाड, शिक्रा, घार काढून ठेवले आणि रोज तीनदा, ठरल्या वेळी, फक्त मोरघार सोडायला लागले.

"काय करता वो मॅडम माझ्या कोंबड्यांला?" भामाबाईंनी दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून विचारलं. पन्नाशीच्या असतील. हातात कायम खराटा असायचा आणि बोलताना त्या तो आपल्यावर रोखायच्या.

"काही नाही मावशी. मोजतोय."

"चौदा हायती. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"किती घाबरतात ते मोजतोय."

"त्या काळ्या फळीला? येड्या हायती का त्या?" मग तारेकडं खराटा रोखून म्हणाल्या, "आन ही घार म्हनं."

"घार नाही मावशी, मोरघार. घारीची शेपटी मधे खाचलेली असते, हिची सरळ आहे."

"मोरघार व्हय? मंग मोर खावं की तिनं. माझ्या कोंबड्यांवर कशाला डोळा?"

मुलं हसली. मी मोरघारीचा आहार सांगायला सुरुवात केली, पण त्या खराटा घेऊन निघून गेल्या होत्या. भिंतीच्या टोकाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "ते काय करायचं ते करा. फकस्त कोंबड्याला हात लावू नगा. त्यो म्हसोबाचा हाय."

तनुजानं मला नंतर समजावलं. दोन वर्षांपूर्वी तिला टायफॉइड झाला, ताप उतरेना, तेव्हा आत्यानं म्हसोबाला कोंबडा बोलला. जो बोलला तोच द्यायचा, दुसरा चालत नाही. दोन वर्षं काही ना काही निघत गेलं. आता चैत्रातल्या जत्रेत फौजदार कापायचा होता. "म्हणून त्याला रोज मूठभर बाजरी जास्त असते," ती म्हणाली.

अकरा दिवस आम्ही मोजलं. पहिल्या दिवशी तेरा, दुसऱ्या दिवशी तेरा, मग अकरा, आठ, सहा. सातव्या दिवशी फौजदारानं शिट्टी वाजवली नाही. अकराव्या दिवशी मोरघार डोक्यावरून गेली आणि चौदाही जण उकिरडा उकरत राहिले. मी फळ्यावर आलेख काढला. इतकी सुबक उतरती रेघ मला पुस्तकातसुद्धा भेटली नव्हती.

"याला सरावणं म्हणतात," मी मुलांना सांगितलं. "तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आली आणि अपाय झाला नाही, तर प्राणी तिच्याकडं लक्ष देणं सोडतो. कोंबड्या काय शिकल्या?"

"गरुड काही करत नाही!" बावीस मुलं म्हणाली.

"शाबास," मी म्हणाले.

वाकचौरे सरांनी आलेख कार्डशीटवर उतरवून घेतला आणि कार्यालयात खिचडीच्या वेळापत्रकाशेजारी लावला. "आपल्या शाळेत संशोधन झालं," ते येईल त्याला सांगायचे.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, मधल्या सुट्टीत मुलं खिचडीची ताटं घेऊन मैदानावर बसली होती. कड्याच्या बाजूनं ती आली. पंख अर्धे मिटलेले, खाली पांढरं पोट, सरळ शेपटी.

"वर बघा," मी म्हणाले. "कोण?"

"मोरघार!"

बावीसच्या बावीस मुलांनी बरोबर ओळखली. चौदाच्या चौदा कोंबड्यांनी चुकीची.

फौजदारानं मान तिरकी करून वर पाहिलं. त्याला पुरेसा वेळ होता. त्यानं पाहिलं, ओळखीचं काही दिसल्यासारखी मान पुन्हा खाली घातली आणि दाणा टिपला. तो दीड किलोचा तरी असेल, कारण त्याला घेऊन उठताना मोरघारीला दोनदा जमिनीला टेकावं लागलं. तिसऱ्या वेळी ती भिंतीवरून गेली. कोंबड्या तेव्हा कुठं पळाल्या.

भामाबाई बाहेर आल्या. त्यांनी अंगण पाहिलं, पिसं पाहिली, कड्याकडं पाहिलं आणि आत गेल्या.

शाळा सुटताना तनुजा माझ्याजवळ आली. "मॅडम, आत्या उद्या सकाळी एक तलंग कोंबडी मारणार आहे."

"पाहुणे येणार आहेत का?"

"नाही. पोटात औषध भरून कड्यावर ठेवणार आहे. मक्यावर मारायचं उरलंय ते."

कड्यावर त्या दिवशी पिल्लू सव्वीस दिवसांचं होतं.

मी वाकचौरे सरांना गाठलं. ते सायकलला कुलूप लावत होते, त्यांनी ते परत काढलं आणि मग पुन्हा लावलं.

"कोंबड्याची तक्रार तालुक्याला गेली तर माझी चौकशी होईल," ते म्हणाले. "तारेला परवानगी मी तोंडी दिलीय."

"सर, त्या विष ठेवणार आहेत."

"तेच म्हणतोय. आपण असं करू. कोंबडा कुणाचा होता? म्हसोबाचा. नेला कुणी? म्हसोबानंच. गरुडाच्या रूपानं आला आणि आपलं घेऊन गेला. नवस फिटला, गरुड देवाचा झाला, त्याला कोण विष घालतंय? तुमचंही काम झालं."

मी विचार केला. खरंच विचार केला. पद्धत म्हणून त्यात काही खोट नव्हती. पिल्लू वाचलं असतं, माझं पुढचं वर्षही. मी म्हणाले, "तुम्ही सांगा. मला असं बोलता येणार नाही."

"तुम्ही नुसती मान हलवा," सर म्हणाले.

भामाबाई ओट्यावर बसल्या होत्या. तनुजा दाराशी उभी होती, वही पाठीमागं धरून. सरांनी चांगलं सांगितलं. हात जोडून, आवाज खाली आणून, मधे थांबून. मी मान हलवली.

भामाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हसोबाला न्यायाचा व्हता," त्या म्हणाल्या, "तर दोन वरसं मला बाजरी कशाला घालाया लावली?"

सर माझ्याकडं वळले. "मॅडम, विज्ञान काय म्हणतं?"

माझ्याकडं एक तयार वाक्य होतं. "मावशी, मोरघारीच्या शंभर शिकारींमागं कोंबड्या फार तर चार-पाच असतात."

"मंग त्या चार-पाच माझ्याच घरनं का? वरच्या आळीला बी कोंबड्या हायती. शेवंताकडं तर तीस हायती. ही घार माझ्याच दारात कशी आली?"

"घार नाही, मोर…" मी म्हणाले आणि थांबले.

प्रश्न अगदी बरोबर होता. मी तो विचारायला हवा होता, आणि उत्तर तनुजाच्या पाठीमागं होतं. तिला ते माहीत होतं. ती माझ्याकडं सरळ बघत होती, फौजदाराचं डोकं आत की बाहेर हे ठरवताना बघायची तशी. आज ती काही म्हणाली नसती. उद्या तलंग गेली असती, किंवा म्हसोबाची गोष्ट पटून वाचली असती. वाचली तरी परवा मोरघार पुन्हा आली असती, कारण इथल्या कोंबड्या पळत नाहीत हे तिलाही आता कळलं होतं. मग दुसरी तलंग.

"तनुजा, वही दे," मी म्हणाले.

"मॅडम, एवढं बारकाईनं नको," सर म्हणाले.

मी ओट्यावर बसून वही उघडली. "मावशी, तुमच्या कोंबड्या घाबरत होत्या. पहिल्या दिवशी तेरा पळाल्या. फौजदार शिट्टी वाजवायचा. मी रोज तीनदा खोटी मोरघार सोडली. अकरा दिवस. ती कुणाला काही करत नाही, असं त्यांना शिकवलं. हा बघा, शून्य. शून्य बुधवारी आलं. गुरुवारी खरी आली."

भामाबाईंना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी बोट रेघेवर ठेवलं आणि वरून खाली आणलं.

"ही रेघ म्हंजी त्यांचं भ्या?"

"हो."

"आन हितं संपलं."

"हो."

"तुमाला ठावं व्हतं?"

"शून्य आलं तेव्हा कळायला हवं होतं. मी आलेख काढत बसले."

सर दुसरीकडं बघत होते. भामाबाईंचं बोट शून्यावरच होतं.

"मधी एक दीस मी म्हनले बी," त्या म्हणाल्या, "कोंबडा गप का झाला. म्हनलं आजारी हाय. जास्तीची बाजरी घातली." मग वही मिटून माझ्या हातात दिली. "किती दीस लागले भ्या घालवाया?"

"अकरा."

"मंग अकरा दिसांत परत शिकवा. तवर औषध ऱ्हाऊ दे कोनाड्यात. एक जरी कोंबडी गेली तर माझं मी बघीन."

"चालेल."

"आन म्हसोबाला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगनार. माझं तोंड न्हाई."

मला वाटलं हे बोलण्यापुरतं असेल. शुक्रवारी सकाळी सहा वाजता त्या मला घ्यायला आल्या.

म्हसोबा ओढ्याच्या काठावर, शेंदूर लावलेला, गुडघ्याएवढा. मी समोर उभी राहिले. सोबत तनुजा वही घेऊन आणि भामाबाई नारळ घेऊन. मी थोडक्यात सांगितलं.

"मोठ्यानं," भामाबाई म्हणाल्या.

मी मोठ्यानं सांगितलं. कोंबडा कुणाचा होता, तार कुठून कुठं बांधली होती, किती दिवस, दिवसातून किती वेळा. चूक कुणाची.

"आलेख दाखवायचा का?" तनुजानं विचारलं.

मी भामाबाईंकडं पाहिलं. "दाव की," त्या म्हणाल्या.

तनुजानं वही उघडून धरली. माझ्या कामाची इतकी शांतपणे तपासणी त्याआधी कुणी केली नव्हती आणि नंतरही केलेली नाही. मग भामाबाईंनी नारळ फोडला आणि म्हसोबाला म्हणाल्या, "बाई खोटं बोलत न्हाई. फुडल्या साली दुसरा देते. पोरीला संभाळ." सर सोबत आले असते तर तक्रार तालुक्याऐवजी म्हसोबाकडंच मिटली म्हणून त्यांना बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही सुरुवात केली. यावेळी वेळ ठरवली नाही. कधी सकाळी, कधी लागोपाठ दोनदा, कधी दिवसभर एकदाही नाही. मोरघार तारेवरून सुटली की बावीस मुलांनी खिचडीची रिकामी ताटं चमच्यानं बडवायची आणि भामाबाईंनी खराटा घेऊन कोंबड्यांवर धावून जायचं. सरावाची गरज फक्त मुलांना पडली. भामाबाई पहिल्याच वेळी अशा काही किंचाळल्या की वाकचौरे सर कार्यालयातून बाहेर आले आणि दोन पहिलीची मुलं खुराड्याकडं पळाली.

"ती मोजायची का?" तनुजानं विचारलं.

"नाही. फक्त कोंबड्या."

पहिल्या दिवशी तेरापैकी चार. मग सात, नऊ. सहाव्या दिवशी ताटं न बडवता सोडून पाहिली. तेरापैकी तेरा. आठव्या दिवशी त्यांच्यातल्या एका कोवळ्या कोंबड्यानं शिट्टी काढली. अजून त्याला धड आरवताही येत नव्हतं. भामाबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या. "काढली," त्या म्हणाल्या. "काढली वो मॅडम यानं."

दहाव्या दिवशी खरी आली. आम्ही कुणीच हललो नाही. कोवळ्यानं शिट्टी मारली आणि अंगण दोन सेकंदांत रिकामं झालं. मोरघारीनं दोन फेऱ्या मारल्या, एकदा भिंतीएवढी खाली आली आणि कड्याकडं परत गेली. पंजे रिकामे. मुलांनी ताटं बडवली. मी वहीत लिहिलं: तेरापैकी तेरा, शिकार नाही. तनुजानं विचारलं, "पिल्लू मग आज काय खाईल?" मी म्हणाले, ससा वगैरे. मला माहीत नव्हतं.

संस्थेला अहवाल देताना मी दोन्ही आलेख जोडले, उतरता आणि चढता. समन्वयकांचा फोन आला. "पहिला लिहायलाच हवा होता का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, त्याशिवाय दुसरा कळत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी हिवरदऱ्याला दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं. याला आता चौदा वर्षं झाली. मी एका महाविद्यालयात शिकवते आणि वर्षाच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना तो उतरता आलेख दाखवून विचारते, यात चूक कुठं आहे. सगळे अक्षांवर एककं लिहिली आहेत का ते तपासतात.

पण मला सांगायचाय तो मार्चमधला दिवस. मंगळवार होता, सव्वाअकरा. आम्ही मैदानावर बसून गिधाडाचा आकार पुन्हा बघत होतो, आणि पलीकडं शिट्टी झाली. बावीसही मुलांनी आधी अंगणाकडं पाहिलं. तेरा कोंबड्या नाहीशा. मग सगळ्यांनी एकदम वर पाहिलं.

एक नाही, दोन होते. मोठी पुढं, आणि मागं एक तांबूस, पंख नको तितके हलवणारं, वाऱ्याच्या झोतासरशी एका अंगावर कलंडणारं. ते टाकीपर्यंत आलं, तिथं त्याला वळायचं होतं पण जमेना, म्हणून ते सरळ पुढं गेलं आणि लांबून वळून आलं. मागं खराट्याचा आवाज थांबला.

भामाबाई भिंतीशी येऊन उभ्या होत्या. कपाळावर हात धरून त्या वर बघत होत्या. आभाळात काही बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"ह्येच का त्ये?"

"हो मावशी."

त्या बघत राहिल्या. पिल्लू पुन्हा एकदा कलंडलं, सावरलं आणि कड्याच्या दिशेनं लागलं.

"लई वाळलंय वो घारीचं पोर," भामाबाई म्हणाल्या. "खायाला मिळत नसंल त्याला."

घरट्यातून नुकतंच उडालेलं मोरघारीचं पिल्लू चांगलं भरलेलं असतं, वजनानं पुष्कळदा बापापेक्षाही जास्त. आणि ती घार नव्हती.

मी दुरुस्ती केली नाही.